आईला 'असाइनमेंट आहे' सांगून बीचवर जाऊ का?

पत्र थोडं छाटून देतेय:

"ताई, मी बार्शीजवळच्या एका गावातली, मेलबर्नला मास्टर्स करतेय, दुसरं सेमिस्टर चालू आहे. परीक्षा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपते आणि आमचा सात जणांचा ग्रुप (चार मुली, तीन मुलं) लगेच तीन दिवस ग्रेट ओशन रोडला (इथला समुद्राकाठचा रस्ता) जायचं म्हणतोय, त्यावरच्या गावांत एक रात्र लॉर्न, एक रात्र अपोलो बे. माणशी २८० डॉलर काँट्री. सगळे चिल आहेत, मीच अडकलेय. बाबांनी माझ्यासाठी ३० लाखांचं लोन काढलंय साडेदहा टक्क्यांनी, जमीन बँकेकडे आहे, यंदा पावसाने सोयाबीनची वाट लावली आणि मी इकडे बीचवर फोटो काढत बसू? मी एका हॉटेलात आठवड्याला १८ तास काम करते, तासाला १६ डॉलर कॅश. सोबत मुलं आहेत हे आईला कळलं तर संपलंच, म्हणून 'असाइनमेंट आहे, फोन लागणार नाही' असं सांगायचं ठरवलंय. मला पोहता येत नाही आणि तसले कपडे पण घालायचे नाहीयेत. जाऊ का नको? आणि गेले तर ही टोचणी कशी घालवू? - लाटांना घाबरणारी"

अगं, आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे पुढचं नीट वाचशील. जा. फक्त ते असाइनमेंटचं काढून टाक आणि तारीख एक आठवडा पुढे ढकल. तारीख का ते पुढे सांगते, त्यामागे कारण आहे, मुहूर्तबिहूर्त नाही.

मी २००६ ला गेले होते मेलबर्नला, मूळची इस्लामपूरची, तेव्हा व्हॉट्सअॅप वगैरे काही नव्हतं, दहा डॉलरचं कॉलिंग कार्ड घ्यायचं आणि त्यावरचा नंबर नाण्याने खरवडून घरी फोन लावायचा, आणि नेमकं आईने 'जेवलीस का' विचारलं की कार्ड संपायचं. तर २००७ च्या जानेवारीत आम्ही पाच जण फिलिप आयलंडला गेलो पेंग्विन बघायला. आणि मी आईला काय सांगितलं? लायब्ररीत आहे, प्रोजेक्ट आहे. म्हणजे तू काही नवीन शोध लावलेला नाहीयेस, हे आमच्या काळापासून चालू आहे.

संध्याकाळी अंधार पडायला लागला की ते पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात, फूटभर उंचीचे, एकटा कधीच येत नाही, दहा-पंधरा जण पाण्याच्या कडेला थांबून एकमेकांकडे बघतात, एक जण दोन पावलं पुढे येतो, घाबरून परत पाण्यात जातो, मग सगळेच जातात, परत येतात. इतकं गोड असतं ना ते. आणि मी तिथे लाकडी पायरीवर त्या गार वाऱ्यात बसून काय करत होते तर डोक्यात हिशोब, आता भारतात किती वाजले, लायब्ररी किती वाजता बंद होते, आईने घरमालकिणीच्या लँडलाइनवर फोन केला तर ती काय सांगेल. पेंग्विन गेले बिळात आणि मी अर्धे बघितलेच नाहीत. सहा महिन्यांनी एका मावसभावाने ऑर्कुटवर फोटो बघितला आणि आईला दाखवला. आई काही बोलली नाही. पण पुढे वर्षभर प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न, 'काय गं, लायब्ररीत का?' त्या आवाजाला काय म्हणू, ओरडली असती तर परवडलं असतं.

म्हणून सांगते, टोचणी टोचणी म्हणतेस त्यातली निम्मी बीचमुळे नाहीचे, त्या असाइनमेंटमुळे आहे. खोटं बोलून गेलीस की तीन दिवस खोटं सांभाळत बसावं लागतं, कुणी फोटो काढला तर कुठे टाकणार, टॅग केलं तर काय. सहा मजा करणार आणि सातवी फोन उलटा ठेवून बसणार.

आता राहिलेली निम्मी, पैशांची. ती खरी आहे, उगीच 'एंजॉय कर गं, लाइफ एकदाच मिळतं' असलं काही मी सांगणार नाही, शेतकऱ्याच्या घरात जमीन तारण ठेवणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. म्हणून आपण भावना जरा बाजूला ठेवू आणि कागद घेऊन बसू. ३० लाखांवर साडेदहा टक्के म्हणजे वर्षाला ३ लाख १५ हजार व्याज, दिवसाला साधारण ८६० रुपये. तू झोपलेली असतानाही ते चालू असतं, बीचवर असलीस तरी आणि लायब्ररीत असलीस तरी. ट्रिपचे २८० डॉलर म्हणजे सोळा-सतरा हजार रुपये, म्हणजे एकोणीस-वीस दिवसांचं व्याज. हे कमी नाहीये. पण याने जमीन जाणार पण नाहीये. जमिनीला धोका कशाने आहे, तर तुझ्या फीचा हिशोब तूच पत्रात पुढे लिहिला होतास, वर्षाला ४० हजार डॉलर आणि आठ विषय, म्हणजे एक विषय राहिला की ५ हजार डॉलर परत भरा. परीक्षा देऊन झाल्यावर तीन दिवस समुद्रावर गेल्याने विषय राहत नाही, चार महिने दुपारी क्लास आणि रात्री भांडी करून डोकं बधिर झालं की राहतो.

आणि आता खरी गोष्ट, जी तू पत्रात एका ओळीत टाकून पुढे निघून गेलीस आणि माझा चहा तिथेच गार झाला. तासाला १६ डॉलर कॅश?? ऑस्ट्रेलियात २०२५ च्या जुलैत किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, आणि तुझ्यासारख्या कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त द्यावं लागतं, म्हणजे ३१ डॉलरच्या वर. तुला निम्मे मिळतायत. आठवड्याला १८ तास गुणिले १५ डॉलर, २७० डॉलर झाले. म्हणजे बघ, तुझी एक आख्खी ग्रेट ओशन रोडची ट्रिप दर आठवड्याला, दर आठवड्याला हं, मालकाच्या खिशात जातेय आणि तू मात्र वर्षातल्या एका ट्रिपसाठी स्वतःला गुन्हेगार समजतेयस. 'आपलाच माणूस आहे, गावाकडचा, जेवण पण देतो' असं तू म्हणशील, मीही म्हणायचे. देतो ना जेवण, उरलेलं देतो.

यासाठी तिथे फेअर वर्क ओम्बड्समन नावाचं सरकारी ऑफिस आहे, तक्रार फुकट घेतात. तुझे तास आजपासून वहीत लिहून ठेव, तारीख, कधी आलीस, कधी निघालीस, किती दिले, आणि मालकाचे मेसेज डिलीट करू नकोस. व्हिसा जाईल अशी भीती घालतात हे लोक, पण कामावर पिळवणूक झालेल्यांचा व्हिसा त्या कारणाने सहज रद्द होऊ नये म्हणून २०२४ च्या जुलैपासून संरक्षण आलंय. आधी तुमच्या युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट युनियनमध्ये जाऊन विचार, तिथे असल्या केसेस त्यांना रोजच्या आहेत. तोपर्यंत दुसरं काम शोध. सेमिस्टर चालू असताना स्टुडंट व्हिसावर पंधरवड्याला ४८ तास कामाची मर्यादा असते पण सुट्टीत ती नसते, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत नीट पगाराचं काम मिळालं तर नऊ तासांत ट्रिप वसूल, एका मोठ्या शिफ्टमध्ये. मग ते पैसे बाबांचे नाहीत, बँकेचे नाहीत, तुझ्या हातापायांचे आहेत. ते खर्च करायला कुणाची परवानगी लागत नाही.

बरं, आता आई. आईला फोन तू करणार आहेस हे धरून चालते. परीक्षा संपल्याच्या दिवशी कर, म्हणजे आवाजातच कळतं तिला. आधी सोयाबीनचं विचार, पंचनामा झाला का, पैसे आले का, ते खरंच विचार, नुसतं विचारायचं म्हणून नको. मग सांग, आई, आम्ही सात जण तीन दिवस समुद्रावर जातोय, चार मुली आहोत, तीन मुलं आहेत, मुलींची खोली वेगळी आहे, पैसे माझ्या कामातले आहेत, ही मुलींची नावं आणि नंबर. एवढंच. 'जाऊ का' असं विचारू नकोस, 'जातेय' असं सांग, प्रेमाने. तू परक्या देशात एकटी खोली शोधलीस, बँक अकाउंट उघडलंस, आजारी असताना एकटी राहिलीस, आणि कुणाबरोबर बसमध्ये बसायचं ते तुला कळत नाही असं आईला वाटतच नाही, तिला शेजारी काय म्हणतील ते वाटतं. तो वेगळा विषय आहे. ती चिडली तर चिडू दे, दोन दिवस फोन कमी बोलेल. आणि रोज रात्री नऊला फोन करायचं कबूल कर, तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात बार्शीत दुपारचे साडेतीन, आईचा चहा चालू असतो. फक्त आधीच सांगून ठेव की अपोलो बेच्या पुढे ऑटवेजच्या जंगलात रेंज जाते, नाहीतर एक दिवस फोन लागला नाही की घरात रडारड.

आणि तिची भीती मुलांमुळे आहे असं तुला वाटतंय ना, ती तेवढीच नाहीये गं. महाराष्ट्रातल्या आयांना समुद्र म्हटलं की बातमी आठवते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडला पुण्याच्या कॉलेजची सहल गेली होती आणि १४ मुलं बुडाली, आठवडाभर टीव्हीवर तेच होतं. तुझ्या आईने पण ते बघितलेलं असणार. म्हणून मुलांच्या खोलीपेक्षा जास्त वेळ तिच्याशी पाण्यावर बोल. पण त्याआधी ते तुला माहीत पाहिजे.

सातपैकी किती जणांना पोहता येतं? तू फक्त तुझं लिहिलंस. मला विचारशील तर तू, जिला पोहता येत नाही आणि जी घाबरते, ती ग्रुपमधली सगळ्यात सेफ आहेस. धोका असतो तो 'मला येतं की' म्हणणाऱ्याला. आमच्यात एक होता, सांगलीचा, कृष्णेत पुरात पोहलेला गडी, लहानपणी पाठीला डबा बांधून शिकलेला. आम्ही गनामट्टा नावाच्या बीचवर गेलो होतो, मॉर्निंग्टनच्या बाजूला, मोकळ्या समुद्राचा किनारा. त्याने बघितलं की सगळीकडे लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा एकदम शांत आहे, पाणी जरा गडद, फेस नाही. हा म्हणाला इथे बरंय, आणि तिथेच उतरला.

तो शांत पट्टा म्हणजेच रिप. लाटा जे पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात ते परत जायला वाट शोधतं, वाळूत जिथे खोलगट घळ पडलेली असते तिथून ते ओढ्यासारखं समुद्राकडे निघतं, आणि खोल आहे म्हणून तिथे लाट फुटत नाही. म्हणजे नवख्याला सगळ्यात चांगली जागा दिसते तीच सगळ्यात वाईट असते. आमचा हा गडी दोन मिनिटांत तीस-चाळीस मीटर आत, आणि मग नदीत करतो तसं प्रवाहाच्या उलटं पोहायला लागला, जोर लावून, किनाऱ्याकडे तोंड करून, आणि होता तिथेच. आम्ही इकडे उभ्या राहून हसतोय, वाटलं हा नाटक करतोय. मग त्याचा हात वर यायचा बंद झाला. एक सर्फर होता बाजूला, पन्नाशीचा असेल, त्याने शांतपणे येऊन याला बोर्डवर पोटावर टाकला आणि रिपच्या बाजूने फिरवून लाटांवरून किनाऱ्यावर आणून सोडला, 'नो वरीज मेट' म्हणाला आणि परत गेला सुद्धा. आम्हाला त्याचं नाव विचारायचं पण सुचलं नाही. आमचा मित्र वाळूत बसून खारं पाणी ओकला, पाच मिनिटं गप्प, आणि मग म्हणाला, चहा मिळेल का कुठे.

तर रिपमध्ये सापडलं की ओढीच्या विरुद्ध पोहायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं जिथे लाटा फुटतायत. हे ग्रुपमधल्या तीन हिरोंना वाचून दाखव. ऐकणार नाहीत, तर हॅरल्ड होल्टचं सांग. ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान, गादीवर असलेला, समुद्रात पोहण्याची आवड असलेला माणूस, १७ डिसेंबर १९६७ ला मेलबर्नपासून जवळच चेव्हिअट बीचवर मित्रांसमोर पाण्यात शिरला आणि परत दिसलाच नाही, आजपर्यंत बॉडी मिळालेली नाही. आणि मेलबर्नवाल्यांनी त्याच्या नावाने स्मारक म्हणून काय ठेवलं? स्विमिंग पूल. खरंच आहे तो, ग्लेन आयरिसला. मी तिथेच तरंगायला शिकले सत्ताविसाव्या वर्षी, सहा वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये, तेव्हा लाजू नकोस, तूही शीक कुठल्याही कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, स्विमिंग पूलमध्ये. ट्रिपपर्यंत पोहणं येणार नाही, पाठीवर तरंगणं येऊ शकतं.

तोपर्यंत तुझ्यासाठी नियम एकच, लाल-पिवळे झेंडे. वाळूत दोन झेंडे लावलेले असतात, त्यांच्या मधे लाइफसेव्हर लक्ष ठेवून असतात, त्यांच्या टोप्या पण लाल-पिवळ्याच. त्या दोघांच्या मधे, गुडघ्यापर्यंत, समुद्राकडे तोंड करून. सेल्फीसाठी लाटेला पाठ दाखवायची नाही. झेंडे नाहीत तर पाय भिजवायचे, बास, आत नाही. आणि तारीख पुढे ढकल म्हटलं ते यासाठीच, व्हिक्टोरियात हे झेंडे वर्षभर नसतात, साधारण नोव्हेंबरअखेर सुरू होतात ते ईस्टरच्या सुमाराला संपतात, आणि त्यातही डिसेंबरची शाळांची सुट्टी लागेपर्यंत बऱ्याच बीचवर फक्त शनिवार-रविवार. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात मधल्या वारी गेलात तर लॉर्नला सुद्धा झेंडा दिसणार नाही कदाचित. म्हणून एक आठवडा पुढे, शनिवार-रविवार धरून. बीचसेफ म्हणून त्यांचं अॅप आहे, कुठल्या बीचवर त्या दिवशी गस्त आहे ते त्यात दिसतं. जायच्या आदल्या रात्री बघ.

२०२४ च्या जानेवारीत फिलिप आयलंडलाच, गस्त नसलेल्या बीचवर, भारतीय घरातले चार जण एका दिवशी बुडून गेले. आणि २०१९ च्या ईस्टरला तुम्ही जाताय त्याच रस्त्यावर पुढे पोर्ट कॅम्पबेलजवळ एका पर्यटकाला वाचवायला बोट घेऊन गेलेले बाप-लेक बुडाले, दोघंही स्वयंसेवक, घरचा धंदा दुधाचा, गाई-म्हशीवाली माणसं म्हण ना आपल्या भाषेत. पर्यटक वाचला. हे लोक पगारी नसतात गं बहुतेक, रविवार मोडून उभे राहतात.

बास, घाबरवणं संपलं.

कपड्यांचं टेन्शन घेऊ नकोस, हे मी अगदी छातीठोकपणे सांगते. तिथल्या उन्हात निम्मे गोरे लोक स्वतःच झाकून घेतात, रॅशी म्हणून पूर्ण हाताचा ताणला जाणारा टीशर्ट मिळतो, कुठल्याही स्वस्त दुकानात, त्याखाली स्विम लेगिंग्ज किंवा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट, कुणी वळून बघणार नाही. १९८१ पासून तिकडे जाहिरात चालू आहे, सिड नावाचा एक सीगल नाचत सांगतो, शर्ट घाला, क्रीम फासा, टोपी घाला. आपण काळेसावळे म्हणून आपल्याला ऊन लागत नाही हा गैरसमज पहिल्याच दिवशी खांद्यावरून सोलून निघतो, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन लाव, दर दोन तासांनी. फक्त जीन्स आणि ओढणी घेऊन पाण्यात नको, आपल्याकडच्या बायका चौपाटीवर जातात तसं. भिजलेली जीन्स पाय धरून खाली ओढते. आणि पाणी गार असतं हं, गोवा समजून उडी मारशील तर किंचाळशील, भर उन्हाळ्यात पण सतरा-अठरा डिग्री.

गाडीचं विचारायचं राहिलं. सात जण आणि एक गाडी? इस्लामपूर-सांगली वडाप (कोंबून भरलेली जीप) नाहीये ते, प्रत्येकाला सीट आणि सीटबेल्ट पाहिजे. आठ सीटर घ्या, पंचविशीच्या आतल्या ड्रायव्हरला बहुतेक ठिकाणी जास्त पैसे लावतात ते आधी विचारा, आणि ठोकली तर तुमच्या खिशातून किती जाणार ते सही करायच्या आधी वाचा. नाहीतर सोपं, मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून जिलाँगपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, लॉर्नला पण जाते आणि अपोलो बेला पण, २०२३ पासून तिकिटाचा दिवसाचा दर शहरातल्या एवढाच केलाय, दहा-अकरा डॉलरच्या घरात. फक्त बस मोजक्या असतात, वेळ बघून ठेवा. बसने गेलात तर ते समुद्रातले प्रसिद्ध बारा सुळके, ट्वेल्व्ह अपॉसल्स, बहुतेक हुकतील, पण एक सांगू, तीन दिवसांत सगळं बघायच्या नादात अर्धा वेळ गाडीतच जातो. गाडीने गेलात तर अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात आणि तो रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र आणि आपल्या आंबोलीसारखी वळणं. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी कुदळ-फावड्याने केलाय तो, १९१९ ते १९३२, मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. ते वाचल्यापासून मला त्या वळणांवर हॉर्न वाजवावासा वाटत नाही, का ते माहीत नाही.

दारूचा हिशोब काँट्रीत नको, पिणाऱ्यांनी वेगळा काढा, हे निघायच्या आधी बोल, नंतर स्प्लिटवाइजवर भांडणं होतात. आणि प्यायलेला माणूस पाण्यात नाही आणि स्टेअरिंगवर पण नाही. विषय संपला.

आता मजेचं. खाण्यावर पैसे घालवू नका. लॉर्नला बीचच्या मागे हिरवळ आहे, तिकडच्या गावांत अशा ठिकाणी सार्वजनिक बार्बेक्यू असतात, बटण दाबलं की सपाट लोखंडी तवा तापतो, बऱ्याच ठिकाणी फुकट. गोरे लोक त्यावर सॉसेज भाजतात. आम्ही काय केलं, इंडियन स्टोअरमधून ज्वारीचं पीठ, बेसन आणि गव्हाचं पीठ घेतलं, कांदा-कोथिंबीर घरूनच चिरून डब्यात, आणि त्या तव्यावर थालीपिठं लावली. समोर समुद्र, वारा इतका की पीठ उडतंय, एकीने टॉवेल धरून आडोसा केलाय, ज्या सांगलीकराला बुडताना काढलेला तो मधे भोकं पाडतोय बोटाने, आणि शेजारच्या बार्बेक्यूवरची एक म्हातारी येऊन विचारते हे काय आहे, तिला एक दिलं, तर तिने बदल्यात तिचा कापलेला टरबूज आणून दिला. सीगलने एक पळवलं, गरम होतं, टाकून दिलं, परत आला. त्या दिवशी मी आईला खरं सांगून आले होते, ऑर्कुटनंतरची ट्रिप होती ती, आणि संध्याकाळी फोनवर आईने पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे, 'पिठात तीळ घातलेस का?' नव्हते घातले.

तेव्हा तू तीळ ने. आणि तेलाची बाटली मोठी ने, त्या तव्याला चिकटतं फार, आणि उतरवताना कलथा घरून न्यायचा असतो हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं, स्टुडंट आयडी कार्डने उलटवली आम्ही सगळी. आयडी वाकडं झालं होतं, वर्षभर लायब्ररीच्या मशीनमध्ये अडकायचं.

तुझी,
ताई